मॅक्स-एन म्हणजे शार्कची शिरगणती नव्हे

कॅमेरा समुद्रतळाशी सोडला, तासाभराने वर ओढला, चित्रणात एका वेळी जास्तीत जास्त चार शार्क दिसले. अहवालात व्यवस्थित लिहिलेलं असतं, ‘मॅक्स-एन ४’. वाचणारा मात्र परस्पर ‘इथे चार शार्क आहेत’ असं करून मोकळा होतो. कधी कधी अहवाल लिहिणाराही चार पानांनंतर तेच करतो, तेव्हा जास्त चीड येते.

पद्धत थोडक्यातच सांगतो. धातूचा सांगाडा, त्यावर कॅमेरा, समोर दांड्याच्या टोकाला जाळीदार पिशवीत किलोभर ठेचलेली तेलकट मासळी, वर दोरी आणि तरंगा. तास-दीड तास चित्रण. पाणबुड्या मोजत फिरतो तेव्हा त्याच्या बुडबुड्यांनी काही शार्क बुजतात, काही उलट कुतूहलाने जवळ येतात. इथे ती भानगड नाही, आणि शंका आली तर चित्रण मागे नेऊन बघता येतं. जोडीला दुसरा कॅमेरा लावला तर प्राण्याची लांबीही मोजता येते. पुढे जाऊ.

आता एक तासाचं चित्रण डोळ्यांसमोर आणा. सातव्या मिनिटाला एक ब्लॅकटिप रीफ शार्क डावीकडून उजवीकडे गेला. नवव्या मिनिटाला उजवीकडून एक आला. तोच परतला की दुसरा? सांगता येत नाही. असं होत होत तासाभरात चौदा वेळा शार्क दिसले आणि एकदाच, एकेचाळिसाव्या मिनिटाला, दोन एकदम दिसले. या चित्रणाचा मॅक्स-एन २. चौदा नाही. एकाच फ्रेममध्ये एका जातीचे जास्तीत जास्त किती प्राणी दिसले, एवढाच तो आकडा. एकच प्राणी पुन्हा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून मुद्दाम कंजूष ठेवलेला. तो इतकंच म्हणतो की निदान दोन वेगळे शार्क इथे नक्की होते. प्रत्यक्षात दोन असतील, पाच असतील, चौदाही असतील.

‘बरं, मग कमीत कमी संख्या म्हणू’ अशी तडजोड लोक करतात. त्या एका चित्रणापुरती ती चालेल. पण लगेच पुढचं पाऊल पडतं: वीस कॅमेऱ्यांचे मॅक्स-एन जोडायचे, क्षेत्रफळाने भागायचं आणि ‘दर चौरस किलोमीटरला इतके शार्क’ छापायचं. कोणतं क्षेत्रफळ? आमिषाचा वास प्रवाहाबरोबर पसरतो. प्रवाह जोरात असेल तर तो दूरवर जातो, पाणी संथ असेल तर जवळच रेंगाळतो. शार्क किती लांबून आला हे कॅमेऱ्याला कळत नाही. भाजकच माहीत नसताना केलेला भागाकार म्हणजे निव्वळ सजावट.

खरी मेख याच्याही पुढे आहे, आणि तिथे जाणकारही घसरतात. मॅक्स-एन दुप्पट झाला म्हणजे शार्क दुप्पट झाले असं नाही. कॅमेऱ्याला दिसते तेवढ्या जागेत एकदम मावणार किती? शार्क थोडे असताना एकाची भर पडली तर आकडा हलतो. आसपास पुष्कळ असले की ते आळीपाळीने येतात-जातात आणि आकडा एका उंचीवर अडून बसतो. समजा, परिसरात चाळीस होते तेव्हा मॅक्स-एन ६ यायचा. मासेमारीत निम्मे गेले, तरी तो ५ येऊ शकतो. घट सुरू झाल्यावर नेमक्या पहिल्या टप्प्यात हा आकडा आपल्याला निर्धास्त ठेवतो.

यावर उपाय म्हणून ठरावीक अंतराने फ्रेम निवडून त्यांतली सरासरी काढतात. खरी संख्या जशी बदलते, त्याच प्रमाणात ती मॅक्स-एनपेक्षा नीट हलते हे खरं. पण शार्क येतो, वळसा घालतो, निघून जातो; निवडलेल्या बहुतेक फ्रेम रिकाम्याच निघतात. म्हणून शार्कसाठी मला मॅक्स-एनच पसंत आहे. फक्त त्याला संख्या म्हणू नका.

मग हा आकडा कशाला? तुलनेला. तीच जात, तेच आमिष, तेवढाच वेळ, आणि ठिकाणं किंवा वर्षं वेगळी. जगभरच्या प्रवाळभित्तींवर असेच आमिष लावलेले कॅमेरे सोडणाऱ्या ‘ग्लोबल फिनप्रिंट’ प्रकल्पाच्या २०२३च्या निष्कर्षांनुसार पाच प्रमुख प्रवाळ-शार्क जातींचं प्रमाण ६० ते ७३ टक्क्यांनी घटलं आहे. माणसाचा ताण नसता तर कॅमेऱ्यात जेवढे दिसायला हवे होते, त्याच्याशी केलेली ही तुलना आहे. समुद्रातले शार्क कोणी एकेक करून मोजले नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती.

जातींची आपापसात तुलना मात्र नको. शार्कचा ३ आणि पाकटाचा १ म्हणून शार्क तिप्पट, हे तर्कट मी छापील पाहिलं आहे. काही पाकटं वाळूत अंग पुरून पडतात. मांटा हा मोठा पाकट प्लवकांवर जगतो, त्याला ठेचलेल्या मासळीचं काय कौतुक?

शून्याबद्दल एकच गोष्ट. एका कॅमेऱ्यातलं शून्य फारसं काही सांगत नाही. पण त्याच प्रकल्पाच्या २०२०च्या अहवालात केनिया, व्हिएतनाम, कतार, डॉमिनिकन रिपब्लिक अशा सहा ठिकाणी मिळून ८०० हून अधिक तासांच्या चित्रणात फक्त ३ शार्क दिसले. हे जवळजवळ-शून्य गंभीर आहे, आणि ते पटायला मॅक्स-एनची व्याख्याही लागत नाही.

एक अपवाद मान्य. काही पाकटांच्या पाठीवरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. शार्कमध्ये परावरचे व्रण, आकार, आणि नराच्या पोटाखालचे दोन दांडे यांवरून काही जण वेगळे ओळखता येतात. एकेकाची ओळख पटवत गेलं की मॅक्स-एन २ असलेल्या चित्रणातून पाच प्राणी निघू शकतात. काम डोळे फोडणारं आहे. आणि ते पाचही आमिषापर्यंत आलेले. जे आलेच नाहीत, त्यांचा पत्ता यातही लागत नाही.