पिल्लाच्या छातीतली मर्मर

कुत्र्याच्या पिल्लाला पहिल्या लसीसाठी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्तच वेळ धरला आणि म्हणाले, "मर्मर ऐकू येतेय." घरी पोहोचेपर्यंत याचं "हृदयाला भोक आहे" झालेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी पिल्लू परत देऊन टाकायचा सल्लाही दिलेला असतो. थोडं थांबा. मर्मर हा आजार नाही, तो आवाज आहे. तो कशामुळे येतो, ते शोधणं हे खरं काम.

निरोगी हृदयाचे ऐकू येणारे आवाज दोनच, झडपा मिटल्याचे. मधल्या वेळात रक्त गुपचूप वाहतं. केळीच्या बागेत ठिबकची नळी हाताळणाऱ्याला हे सांगायला नको: नळीतून पाणी जात असतं तेव्हा आवाज नसतो, पण एका जागी चिमटली किंवा तिला भोक पडलं की तिथे सुरसुर सुरू होते. झडप अरुंद असेल, कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल, तर रक्ताचंही तसंच होतं. पण नळी धडधाकट असूनही आवाज येऊ शकतो, आणि तो रक्तच पातळ झाल्यावर. दाट ताक भांड्यात ओतताना जेवढा आवाज होतो, त्याहून पाणचट ताक ओतताना जास्त होतो. तांबड्या पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं, हृदय ते जोरात ढकलू लागतं आणि प्रवाहात भोवरे उठतात.

सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाचं रक्त मुळातच मोठ्या कुत्र्यापेक्षा पातळ असतं. म्हणून अनेक पिल्लांमध्ये छातीच्या डाव्या बाजूला, वरच्या भागात, हलकी आणि आखूड मर्मर ऐकू येते. ही निरुपद्रवी मर्मर. पिल्लू उड्या मारतंय, वजन वाढतंय, आवाज 6 पैकी पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचा आहे, तर प्रत्येक लसीच्या वेळी पुन्हा ऐकायचं. चार ते सहा महिन्यांत ती बहुधा जाते. मर्मर आहे म्हणून लस टाळायची नसते. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणू, अशा पिल्लालाही सोडत नाही.

त्याआधी मात्र हिरड्या बघा, कारण खानदेशात पिल्लाचं रक्त आटायला कारणं भरपूर. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी मुळातच फिकट, चुन्याकडे झुकणारी असेल, तर हृदयाआधी रक्त तपासायचं. पहिला संशयित अंकुशकृमी. तो आईच्या दुधातूनच पिल्लात येतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याची अंडी विष्ठेत दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून ‘विष्ठा तपासली, जंत नाहीत’ यावर विसंबता येत नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत, आणि दर वेळी नव्याने वजन करून द्यायचं असतं.

दुसरा संशयित गोचीड. गोठ्याजवळच्या पिल्लाच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात हात घातला की ते सापडतात. स्वतः रक्त पितातच, वर गोचीड तापाचे जंतू सोडतात. इथे एक चूक वारंवार होते. गुरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने पिल्लावर ओतलं जातं. त्यात अमिट्राझ हे कीडनाशक असेल तर पिल्लू सुस्त पडतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणजे मर्मर राहिली बाजूला, विषबाधा निस्तरत बसायचं.

तिसरं कारण ताटातलं. शेवभाजीचा रस्सा, भरितातली कांद्याची पात, खोबरं-कांदा भाजून केलेला काळा मसाला, आणि हे सगळं भाकरीत कुस्करून पिल्लापुढे. कांदा-लसणातले गंधकयुक्त पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा त्रासदायक ठरतो. चार किलोच्या पिल्लाला हे माप 60 ग्रॅमलाच गाठता येतं, म्हणजे एक कांदा. शिजवल्याने धोका जात नाही. शिळ्या कळण्याच्या भाकरीबरोबर साधं वरण द्यायचं असेल, तर ते फोडणी घालण्याआधी काढून ठेवा.

रक्त ठीक आहे आणि तरी मर्मर तिसऱ्या श्रेणीची किंवा मोठी आहे, तर मग जन्मजात दोषाचा विचार करायचा. श्रेणी आवाजाच्या जोरावर ठरते. पहिली शांत खोलीत कान देऊन ऐकावी लागते. पाचवीत छातीवर तळवा ठेवला की थरथर जाणवते, फोन व्हायब्रेटवर असावा तशी. सहावी स्टेथोस्कोप किंचित उचलला तरी ऐकू येते. पण मोठा आवाज म्हणजे मोठा आजार, हे गणित इथे चालत नाही. पडद्यातलं छिद्र जितकं लहान, तितकी रक्ताची चिळकांडी जोराची आणि मर्मर मोठी. भगदाड मोठं असेल तर आवाज मवाळ. उलट महाधमनीच्या झडपेखालचा अडथळा गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, रॉटवायलर यांच्या पिल्लांत आधी हळू आवाज करतो आणि वाढीबरोबर बळावतो. अशा जातीत हलकी मर्मरही सोडून देऊ नये.

एक दोष मात्र वेळेत सापडला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. गर्भात फुप्फुसांना वळसा घालणारी एक नळी असते, ती जन्मानंतर काही दिवसांत बंद व्हायला हवी. पॉमेरेनियन आणि जर्मन शेफर्डमध्ये, त्यातही माद्यांमध्ये, ती कधी उघडीच राहते. तिचा आवाज ठोक्याठोक्याने येत नाही, चक्कीसारखा अखंड घरघरतो, आणि तो डाव्या काखेत खूप पुढे स्टेथोस्कोप लावला तरच सापडतो. ही नळी बांधून किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून जाळीदार बूच नेऊन बंद करतात. माणसाच्या मुलात ही शस्त्रक्रिया बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 मध्ये पहिल्यांदा यशस्वी केली. कुत्र्यात उशीर केला तर बरीच पिल्लं वर्षाच्या आतच हृदय थकून जातात.

नेमकं निदान कलर डॉप्लर इकोवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या हृदयाच्या सोनोग्राफीवर होतं. अहवालात झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग दिलेला असतो. त्याचा वर्ग करून चारने गुणा, की दाबातला फरक मिळतो. वेग सेकंदाला 3 मीटर असेल तर 36 मिमी पारा, 4 असेल तर 64, 5 असेल तर 100. फुप्फुसधमनीची झडप अरुंद असेल, तर 50 च्या आत सौम्य, 80 च्या वर गंभीर. गंभीर प्रकारात फुगा नेऊन झडप रुंद करतात. बुलडॉगमध्ये त्याआधी हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची वाट तपासावी लागते. ती वेडीवाकडी असेल तर फुग्याने फाटू शकते.

निदान होईपर्यंत घरी एकच मोजमाप नीट करा: झोपेतले श्वास. छाती वर जाऊन खाली आली की एक. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. पिल्लू स्वप्नात पाय झाडत असेल तर थांबा. आकडा बहुतेक वेळा 30 च्या आत असावा. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 वर गेला की दुपारच्या मोजणीला अर्थ नसतो, तेव्हा पहाटे मोजा. आकडा दिवसेंदिवस चढत असेल, खोकला असेल, जीभ निळसर दिसली किंवा खेळता खेळता पिल्लू कोसळलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. घरातल्या माणसाची बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी अर्धी करून देऊ नका. अडथळ्याच्या दोषात हृदयाचा जोर वाढवणारं पिमोबेंडनसुद्धा उलटू शकतं.

इकोसाठी जळगाव, धुळे, नंदुरबारहून अनेकांना पुण्या-मुंबईकडे जावं लागतं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. कुठेही जायचं असो, आधी फोन करून कलर डॉप्लर आणि लहान प्राण्याचा प्रोब (छातीवर टेकवायचं उपकरण) आहे ना, ते विचारा. रेल्वेने जायचं तर कुत्रा पहिल्या वर्गाच्या पूर्ण कूपेत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. उन्हाळ्यात हृदयाचा संशय असलेलं पिल्लू त्या पेटीत घालू नये. रात्रीची गाडी वा पहाटेची मोटार बरी. इकोला सहसा भूल लागत नाही. पिल्लाला आधी उजव्या, मग डाव्या कुशीवर धरतात आणि छातीवरचे थोडे केस कापतात. सोबत ओळखीच्या वासाचं फडकं, रक्ताचा अहवाल आणि श्वासांची वही घ्या.