टाळी ठोक्याआधी का पडते?

बालवाड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असतं: संगीताने मुलांचा बुद्ध्यांक वाढतो. काही ठिकाणी तर शिकवायचीही गरज नसते म्हणे, वर्गात मंद आवाजात पियानो लावून ठेवला की काम झालं. लहान मुलांच्या शाळेत आणि पाळणाघरात संगीत हवं, आणि रोज हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे वाक्य मला खटकतं. संगीताचा तास बुद्ध्यांकाच्या जोरावर वेळापत्रकात आला, तर बुद्ध्यांक वाढत नाही असं दिसताच तो वेळापत्रकातून जाईल.

या समजाचं मूळ १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका छोट्या टिपणात आहे. फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा एक सोनाटा १० मिनिटं ऐकवला. त्यानंतर घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रकारच्या चाचणीत त्यांची कामगिरी ८-९ गुणांनी सुधारली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. यात लहान मूल एकही नव्हतं आणि संगीत कोणी शिकलंही नव्हतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुढे दिसून आलं की मनाला तरतरी आणणारं काहीही ऐकलं, अगदी आवडती गोष्ट ऐकली, तरी तेवढाच फरक पडतो.

ऐकण्याऐवजी शिकण्याचं काय? टोरांटोचे ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले. काहींना गाणं किंवा की-बोर्ड, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. २००४ साली निकाल छापून आला. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जेमतेम तीन गुणांनी जास्त वाढला होता. पुढे २०२० मध्ये जोव्हान्नी साला आणि फेर्नांद गोबे यांनी ५४ अभ्यास, म्हणजे जवळपास ७,००० मुलं, एकत्र तपासली. ज्या अभ्यासांत मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निष्पक्ष होती आणि दुसऱ्या गटालाही काहीतरी रंजक शिकवलं होतं, तिथे संगीताचा हा फायदा जवळजवळ शून्यावर आला.

मग उरतं काय? मला विचाराल तर सगळ्यात सुंदर भाग इथून सुरू होतो.

एक साधा प्रयोग करा. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक अंतराने ठोके देणारं यंत्र, लावा आणि प्रत्येक ठोक्याबरोबर बोटाने टेबलावर टकटक करा. तुम्हाला वाटेल, आपण ठोका ऐकतो आणि मग बोट आपटतो. ते शक्यच नाही. आवाज कानावर पडल्यापासून बोट हलेपर्यंत किमान दीडशे मिलिसेकंद जातात. तुम्ही ऐकून बोट आपटत असाल तर प्रत्येक टकटक तेवढी उशिरा पडेल आणि ‘टक्-टक्’ असे दोन वेगळे आवाज स्पष्ट ऐकू येतील. मोजमाप उलटंच सांगतं. बहुतेकांचं बोट ठोक्याच्या काही मिलिसेकंद आधीच टेबलावर पडलेलं असतं. म्हणजे मेंदू ठोक्यामागे धावत नाही, तर पुढचा ठोका कधी येणार याचं भाकीत करतो आणि त्या वेळेला पोचेल असा हात आधीच सोडतो.

हे भाकीत कोण करतं? शरीर स्थिर ठेवून नुसता ताल ऐकणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा हालचालींचं नियोजन करणारे भाग जागे झालेले दिसले. बेसल गँग्लिया हा खोलवरचा पेशीसमूह आणि मेंदूच्या वरच्या भागातला हालचालपूर्व पट्टा हे त्यांतले प्रमुख. माणूस निश्चल पडलेला असतो आणि त्याचा मेंदू मात्र पाय आपटण्याची तयारी करत असतो. ताल ऐकण्याचं काम एकट्या कानाचं नाही, ते अर्धं हातापायांचं आहे.

आता जरा खोलात जाऊ. समजा ठोके ५०० मिलिसेकंदांच्या अंतराने पडत आहेत आणि मी मधेच एक ठोका ४० मिलिसेकंद उशिरा दिला आणि तिथून पुढचे ठोके पुन्हा ५०० च्याच अंतराने दिले. तुमचं बोट आधीच सुटलेलं असल्यामुळे ते ४० मिलिसेकंदांनी चुकलं. पुढच्या वेळी मेंदू या चुकीचा काही हिस्सा, समजा निम्मा, भरून काढतो. तुमचं बोट ५०० ऐवजी ५२० मिलिसेकंदांनी पडतं, उरलेली चूक २० होते, मग १०, मग ५. याला कला-सुधारणा म्हणायचं, कला म्हणजे चंद्रकलेतली कला, चक्रातलं स्थान. ही सुधारणा आपोआप होते. ठोका इतका थोडा सरकवला की माणसाला फरक कळलाच नाही, तरी त्याचं बोट तो फरक भरून काढतं. दुसरी सुधारणा वेगळी. सगळीच लय बदलली, ५०० चं अंतर ४५० झालं, तर मेंदूला आतल्या घड्याळाची चाल बदलावी लागते. हे काम लक्ष दिल्याशिवाय नीट जमत नाही. एकाच टाळीमागे अशा दोन यंत्रणा आहेत, एक नकळत चालणारी आणि एक लक्ष मागणारी.

याची सुरुवात किती लवकर होते? इश्तवान विंकलर यांच्या चमूने २००९ मध्ये अवघ्या दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलांचा ठेका ऐकवला आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूचे विद्युतसंकेत नोंदवले. मधूनच ठेक्यातला एखादा ठोका गाळला जायचा. बिनमहत्त्वाचा ठोका गाळला तर बाळाच्या मेंदूला त्याचं विशेष नव्हतं. सम गाळली की मात्र संकेतात स्पष्ट दचका उठायचा. जो आवाज झालाच नाही त्याला ही प्रतिक्रिया होती. तो येणार अशी अपेक्षा असल्याशिवाय असं घडत नाही.

त्याआधी २००५ मध्ये जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना कुठेही आघात नसलेला, सपाट सहा मात्रांचा ठेका ऐकवला. ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला हातावर झुलवलं, काहींना दर तिसऱ्या मात्रेला. नंतर त्यांच्यासमोर आघात असलेले दोन्ही प्रकार वाजवले. दोन-दोनवर झुललेली बाळं दोन-दोनचा ठेका जास्त वेळ ऐकत राहिली, तीन-तीनवाली तीन-तीनचा. कानावर सगळ्यांच्या तेच पडलं होतं, ठेका ठरवला तो शरीराने. डोळे झाकून झुलवलं तरी परिणाम तोच. नुसतं दुसऱ्याला झुलताना पाहिलं तर मात्र काही नाही. पार्श्वसंगीत लावून ठेवणाऱ्या वर्गांनी हा एक प्रयोग तरी वाचावा. स्पीकरमधून मांडीवरचं झुलणं येत नाही.

पोटावर स्पीकर बांधून गर्भाला हुशार करण्याचे जे दावे चालतात, त्यांना तर एवढाही आधार नाही. गर्भाला शेवटच्या काही महिन्यांत आवाज ऐकू येतात हे खरं, पण त्यातून विशेष बुद्धिमान मूल घडतं याला पुरावा नाही. भीती दाखवून यंत्र विकणाऱ्यांपासून आईवडिलांनी निर्धास्तपणे दूर राहावं.

वर्गाकडे येऊ. मोठ्यांना सहज जमणारी टकटक साधारण ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने पडते. चार-पाच वर्षांच्या मुलांची आपसूक लय बरीच जलद असते, ४०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ‘मुलं लहान आहेत, सावकाश घेऊ’ म्हणून शिक्षक टाळ्या संथ करतात तेव्हा मुलांचं काम अवघड होतं, कारण दोन टाळ्यांमधली रिकामी जागा त्यांच्या आतल्या घड्याळाला पेलत नाही. मुलं बेताल नसतात, लय त्यांच्या मापाची नसते. स्वराचंही तसंच आहे. लहान मुलांचा गायचा सोयीचा पट्टा सुमारे ३०० ते ४४० हर्ट्झ. शिक्षकाने स्वतःच्या सोयीने खाली सुरुवात केली की अर्धा वर्ग गाण्याऐवजी पुटपुटतो आणि ‘याला सूर नाही’ हा शिक्का पाचव्या वर्षीच बसतो.

टाळी कोणाबरोबर वाजवायची हेही महत्त्वाचं. सेबास्टियन किर्श्नर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिले. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी ढोल बडवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकरमधला आवाज. मुलांचा ताल माणसाबरोबर सगळ्यात चांगला जुळला. पुढच्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या एकत्र गाऊन-नाचून खेळल्या, तर दुसऱ्या जोड्या तोच खेळ संगीताविना खेळल्या. नंतर एकाच्या गोट्या सांडल्यावर मदतीला धावण्यात पहिल्या जोड्या पुढे होत्या. अगदी १४ महिन्यांची बाळंही, समोरच्या अनोळखी व्यक्तीबरोबर एका लयीत झुलल्यावर, तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला जास्त तयार असतात. याचा अर्थ शाळेतली भांडणं संपतील असा नाही. एवढं मात्र खरं, की दुसऱ्याची पुढची हालचाल कधी येणार हे ओळखून आपली तिच्याशी जुळवणं हीच इथली शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती बुद्ध्यांकाच्या चाचणीत मोजली जात नाही.

जिनिव्हाचे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांना हे मेंदूच्या चित्रांशिवायच उमगलं होतं. त्यांचे विद्यार्थी वाद्यावर लय चुकवायचे, पण चालताना त्यांची पावलं एका लयीत पडायची. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना आधी चालायला लावलं.

त्यासाठी ना वाद्य लागतं, ना मोठी खोली. ओळखीचं गाणं मुलांच्या लयीत सुरू करायचं, सगळ्यांनी जागच्या जागी पावलं टाकायची आणि मधे खूण केली की आवाज पूर्ण बंद. चार मात्रा मनातल्या मनात मोजून पाचवीला सगळ्यांनी एकदम पुन्हा गायचं. सुरुवातीला एखादं मूल तिसऱ्याच मात्रेला ओरडतं, दुसरं विसरून जातं. त्या चार मात्रांत ऐकू काहीच येत नाही, पण मुलांच्या गुडघ्यांकडे बघितलं तर ते ठोक्याठोक्याला वाकताना दिसतात.