बोआच्या विळख्यात नेमकं काय होतं, आणि जिवंत उंदीर का नको

काचेची टाकी, त्यात जाडजूड बोआ, वरून सोडलेला जिवंत पांढरा उंदीर आणि खाली कॉमेंट्सचा पाऊस: 'निसर्गाचा नियम आहे, असंच खायला घालायचं असतं.' अशा रील्स लाखो लोक बघतात. मेलेला उंदीर दिला तर साप शिकार विसरतो, आळशी होतो, हा समजही त्यांच्यासोबत पसरतो. तो साफ चुकीचा आहे, आणि सापाच्या जिवावर बेतू शकतो.

बोआ मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. विष नाही, सगळी भिस्त विळख्यावर. हा विळखा हाडं मोडतो किंवा श्वास कोंडून मारतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१५ साली अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजमधल्या स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणाऱ्या नळ्या बसवल्या, हृदयाचा आलेख घेण्यासाठी तारा जोडल्या आणि ते बोआला दिले. विळखा बसल्यावर अवघ्या ६ सेकंदांत मांडीच्या धमनीतला रक्तदाब निम्म्यावर आला. त्याच वेळी हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरांमधला दाब सहापट झाला. इथेच सगळी गोम आहे. रक्त वाहतं ते धमनी आणि शीर यांच्यातल्या दाबाच्या फरकामुळे. एका टोकाचा दाब उतरला आणि दुसऱ्या टोकाचा चढला की फरकच उरत नाही आणि रक्त जागच्या जागी थांबतं. मिनिटभरात हृदयाचे ठोके जवळपास निम्मे झाले. विळखा सुटेपर्यंत रक्त आम्लधर्मी झालेलं होतं आणि त्यातलं पोटॅशियम जवळपास दुप्पट. इतक्या पोटॅशियममध्ये हृदयाची विद्युत लय टिकत नाही. श्वास कोंडून मरायला काही मिनिटं लागली असती. रक्तपुरवठा तुटला की मेंदू काही सेकंदांतच शुद्ध हरपतो.

मग विळखा कधी सोडायचा हे सापाला कसं कळतं? याच गटाने २०१२ मध्ये मेलेल्या उंदरांच्या छातीत कृत्रिम हृदय बसवलं आणि ते धडधडत ठेवलं. धडधड चालू होती तोवर बोआ जास्त वेळ आणि जास्त जोर लावून आवळत राहिले. ज्यांनी आयुष्यात कधी जिवंत शिकार केलेली नव्हती, त्यांनीही ठोक्यांना प्रतिसाद दिला. म्हणजे ही जाण उपजत आहे. मेलेल्या उंदराला ठोकेच नसतात, म्हणून बोआ त्याला आवळतो, अंदाज घेतो आणि लवकर सोडून गिळायला लागतो. त्यात आळस कसला? नको तिथे ताकद वाया न घालवण्याची ती सोय आहे.

ते ६ सेकंद मात्र पकड बरोबर बसली तरच. पकड पाठीवर किंवा मागच्या पायांवर बसली, की उंदराचं तोंड मोकळं राहतं आणि तो सापाच्या डोक्याला, डोळ्याला चावतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर फक्त पारदर्शक खवला असतो. त्याहून वाईट म्हणजे सापाला भूक नसताना उंदीर रात्रभर टाकीत राहणं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर झालेले असतात, किंवा अंग गार पडलेलं असतं. अशा वेळी बोआ नुसता पडून राहतो. उंदराचे पुढचे चार दात जन्मभर वाढत असतात आणि त्याला कुरतडल्याशिवाय चैन पडत नाही. उपाशीतापाशी उंदीर सापाच्या पाठीवरचं मांस मणक्यापर्यंत खातो, आणि साप प्रतिकारही करत नाही. शिवाय १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याची शिकार बनवणं हा गुन्हा आहे. रील बनवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

आता खायला कसं घालायचं ते. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकाच, त्याहून जाड नको. वाढत्या बोआला वजनाच्या सुमारे १० टक्के, पूर्ण वाढलेल्याला ५ टक्के पुरे. ६०० ग्रॅमच्या पिल्लाला ५०-६० ग्रॅमचा उंदीर दोन आठवड्यांनी, तर ३ किलोच्या मादीला १५० ग्रॅमचा तीन-चार आठवड्यांनी. बोआ मागेल तेवढं खातो आणि लठ्ठ होतो, त्याच्या भुकेवर जाऊ नका.

गोठवलेला उंदीर बंद पिशवीत रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी ओट्यावर काढून ठेवू नका, पोटातले जंतू तेवढ्या वेळात वाढतात. द्यायच्या आधी पिशवीसकट ४० अंशांच्या पाण्यात बुडवा, पाणी निवलं की बदला. ५० ग्रॅमच्या उंदराला वीसेक मिनिटं लागतात, मोठ्याला दुप्पट. हातमोजा घालून पोट दाबून बघा. आत गार गोळा लागला तर अजून थांबा. मायक्रोवेव्ह नको, त्यात कातडी फाटते आणि मध्यभाग गोठलेलाच राहतो. एकदा वितळलेला उंदीर परत गोठवायचा नाही. वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रीझर उघडून तपासा आणि मऊ पडलेला माल टाकून द्या.

उंदीर कोरडा पुसून, फूटभर लांब चिमट्याने मानेमागे धरून, डोकं पुढे करून हलकेच हलवा. बोआच्या ओठांवरच्या खवल्यांना उष्णता जाणवते, म्हणून उंदराचं डोकं बाकी अंगापेक्षा किंचित ऊबदार असलं की झडप नेमकी तिथेच पडते. घेतला नाही तर टाकीत ठेवून दिवे मालवा, सकाळी उरला तर फेकून द्या. निरोगी बोआ काही आठवडे उपाशी राहिला तरी बिघडत नाही, वजन मात्र करत राहा. घरात सापळ्यात सापडलेला उंदीर कधीच देऊ नका. त्याने खाल्लेलं उंदीरनाशक सापाच्याही पोटात जातं.

नाशिकच्या थंडीची वेगळी काळजी घ्यावी लागते. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तेव्हा शहरातली घरंही गार पडतात. बोआला पचनासाठी टाकीची एक बाजू ३०-३२ अंश आणि दुसरी २५-२७ अंश लागते. त्याखाली पाचकरस मंदावतात, उंदीर पचण्याआधी पोटात कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. खाल्ल्यावर ४८ तास सापाला हात लावू नका. ओकला तर निदान दोन आठवडे काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. पुन्हा ओकला तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

बोआ ठेवायचा तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. आपल्याकडचा मांडूळ हा त्याचा नातलग, पण तो पाळणं, विकणं, विकत घेणं सगळंच गुन्हा आहे. दोन तोंडं, गुप्तधन, वजनावर लाखोंचा भाव या थापांपायी हा निरुपद्रवी साप पोत्यात कोंडून फिरवला जातो. त्याला तोंड एकच असतं, आणि धन शोधण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सापाला उंदीर चावलाच तर जखम सलाईनने धुवा, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, टाकीतला भुसा काढून साधा कागद अंथरा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. हळद भरू नका, ती जखमेत साकळून बसते आणि खालचा पू दिसत नाही. सापाचा पू घट्ट, पनीरसारखा असतो. तो आपोआप वाहून जात नाही, बहुतेक वेळा डॉक्टरांना तो कापूनच काढावा लागतो.