रुमी मस्तकी म्हणजे ग्रीसचा डिंक नव्हे

‘रुमी मस्तकी म्हणजे ग्रीसचा डिंक’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता गप्प बसवत नाही. पुढचा सल्ला तर त्याहून वाईट: स्वयंपाकात मस्तकी नसेल तर डिंक घाला!

डिंकाबद्दल मराठी घरात काय सांगायचं? बाभळीचा नाहीतर धावड्याचा, तुपात फुलवायचा, लाडवांत घालायचा. मस्तकी येते ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागातून. तिचं झाड पिस्त्याचं भावंड, म्हणजे आंबा-काजूच्याच कुळातलं. दोन्ही पदार्थ झाडातून पाझरतात, वाळून खडे होतात. साम्य एवढंच.

खरी गोम पाण्याची आहे. डिंक पाण्यात फुगतो, विरघळतो. मस्तकी ही राळ; पाण्यात कितीही ठेवा, ती विरघळत नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला एक खडा दाढेखाली धरून बघा. आधी कडकन फुटून भुगा होतो, जरा कडवट लागतो. मग तोंडाच्या उबेने त्याचा पांढरा, चिवट गोळा बनतो आणि चघळत राहिलात तरी संपत नाही. डिंक एव्हाना बुळबुळीत होऊन विरघळायला लागला असता. तुपातही तेच: डिंक फुलतो, मस्तकी वितळून कढईला चिकटते.

खिओसच्या गावांची कारागिरी याच गुणावर उभी आहे. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात, तिच्यावर चुनखडीची पांढरी माती पसरतात आणि सालीला बारीक चिरा देतात. ठिबकलेले थेंब त्या मातीवर घट्ट होतात. गोळा केलेले खडे चाळून चक्क पाण्यात धुतात, आणि मग हिवाळाभर बायका सुरीच्या टोकाने एकेक खडा खरवडून साफ करतात. डिंक असा धुतला असता तर हाती काय उरलं असतं? या कौशल्याची युनेस्कोने 2014 मध्ये वारसा म्हणून नोंद केली.

दंतकथा अशी की इ.स. 251 च्या सुमारास संत इसिडोरला रोमनांनी हालहाल करून मारलं, तेव्हा ही झाडं रडली. म्हणून खड्यांना तिथे अश्रू म्हणतात. कथा सुंदर आहे, पण तिला इतिहास म्हणू नये. पहिल्या शतकातला वैद्य दिओस्कोरिदेस खिओसच्या मस्तकीबद्दल आधीच लिहून गेला होता. इतिहास हवा असेल तर खिओसवरचं मेस्ता गाव पाहा. 1346 ते 1566 बेट इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होतं, मस्तकीचा मक्ताही त्यांचाच. बाहेरच्या घरांच्या पाठभिंती सलग जोडून गावाचा कोट केला होता, तो आजही उभा आहे.

स्वयंपाकात वापरायची तर खडे थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा आणि चिमूटभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटा, म्हणजे चिकटत नाहीत. दुधाच्या खिरीला दोन-तीन छोटे खडे पुरतात; जास्त झाले की खीर कडू होते. आणि मस्तकी नसेल तर वेलची घाला, डिंक नको.