पेटीतलं ऊन

सिडनीला मावसभावाकडे उतरलो होतो, तेव्हा बैठकीच्या खोलीत रोज सकाळी सातला ‘टिक’ आवाज यायचा. टायमर. काचेच्या पेटीतला दिवा लागायचा आणि ओंडक्याखाली झोपलेला सरडा पाच-दहा मिनिटांनी सावकाश दगडावर यायचा. अंग गडद, मातकट काळं. दिव्याखाली पोचला की बरगड्या पसरून भाकरीसारखा चपटा व्हायचा. अर्ध्या तासात पाठ उजळून पिवळसर व्हायची आणि मग कुठे तो भाजीच्या वाटीकडे वळायचा. गडद कातडी ऊब लवकर शोषते. अंग तापलं की तिचं काम संपतं.

हा बिअर्डेड ड्रॅगन, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. कुंपणाच्या खांबावर, वाळक्या फांदीवर तासन्‌तास ऊन खात बसणारा. कुळ मात्र आपल्याकडच्या बागेतल्या सरड्याचंच. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पंख्यासारखा निळा गळा फुलवणारे सरडेही त्याच कुळातले. २०१६मध्ये संशोधकांनी त्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवलं.

पाळायला घेणारे आधी पेटी किती मोठी हवी ते विचारतात. पूर्ण वाढलेल्या एका प्राण्याला निदान १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच जागा द्यावी. लांबीचं कारण तापमानात आहे. सरड्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. तापायचं असेल तर तो उन्हात जातो, पुरे झालं की सावलीत. म्हणून पेटीच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली पाहिजे. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, थंड टोकाला २४ ते २७. पेटी आखूड असली तर सगळीकडे सारखंच तापतं आणि त्याला पळायला जागा उरत नाही.

भावाने पेटीच्या भिंतीवर गोल थर्मामीटर चिकटवला होता. तो ३१ अंश दाखवत होता आणि सरडा तोंड उघडं टाकून बसायचा. ऊब फार झाली की ते असं करतात. इन्फ्रारेड थर्मामीटर दगडावर धरला, तर आकडा ५२! भिंतीजवळची हवा आणि दिव्याखालचा दगड यांत एवढा फरक पडतो. दिवा वर घेतला, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट जोडला, मग तोंड मिटलं. खालून तापणारे विजेचे दगड मी तर कुणालाच सुचवणार नाही. ऊन वरून येतं हे या प्राण्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. पोट भाजत असतानाही तो हलत नाही आणि जखमा होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हात ऊब असते तसे अतिनील किरणही असतात. त्यांतल्या यूव्हीबी किरणांमुळे कातडीतल्या एका पदार्थापासून ‘ड’ जीवनसत्त्वाचं आधीचं रूप बनतं. त्याचं खऱ्या ‘ड३’मध्ये रूपांतर व्हायला पुन्हा ऊब लागते. मग यकृत आणि मूत्रपिंडातून ते कामाचं होतं आणि आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. यातली एक पायरी चुकली तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरू लागतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. आपल्याकडे मुलांना मुडदूस होतो, त्यातलाच हा प्रकार. पिल्लांची हाडं भराभर वाढत असतात, म्हणून त्यांना धोका जास्त.

तेव्हा यूव्हीबी ट्यूब आणि तापवणारा दिवा एकाच जागेवर पडले पाहिजेत. ट्यूब एका कोपऱ्यात, बल्ब दुसऱ्या कोपऱ्यात अशी मांडणी पुष्कळ घरांत दिसते. सरडा शेकतो तिथे किरण नाहीत आणि किरण आहेत तिथे तो बसत नाही! ट्यूब पेटीच्या लांबीच्या निम्म्याहून थोडी मोठी घ्यावी आणि अंतर कंपनीने सांगितलं असेल तेवढंच ठेवावं. मध्ये जाळी आली तर किरण बरेच अडतात. काच तर यूव्हीबी जवळजवळ पूर्णच अडवते, त्यामुळे ‘आमची पेटी खिडकीशी आहे’ याचा उपयोग नाही. उलट थेट उन्हातली काचपेटी भट्टी होते.

रात्री सगळे दिवे बंद, लाल बल्बसुद्धा. या सरड्याच्या टाळूवर फिकट खवल्याएवढा तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड-अंधार मात्र कळतो आणि दिवस-रात्रीचं घड्याळ जुळवायला त्याची मदत होते. रात्री १८-२० अंशांपर्यंत उतरलं तरी निरोगी मोठ्या सरड्याला चालतं.

जमिनीवर पिल्लांसाठी साधा कागद बरा. सुटी वाळू भाजीबरोबर पोटात जाऊ शकते. दमट हवा त्याला मानवत नाही. मुंबई-कोकणात आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तिथे पेटीला वरून-बाजूने भरपूर झरोके ठेवावेच लागतील. आणि एका पेटीत एकच सरडा. एकाच्या पाठीवर दुसरा बसलेला पाहून लोक प्रेमाने फोटो काढतात, पण वरचा खालच्याचं ऊन पळवत असतो.

ट्यूबचा उजेड डोळ्यांना वर्षानुवर्षं तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र त्याआधीच घटत जातं. भावाने आता ट्यूबच्या टोकाला मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे. वर्ष भरलं की तो चालू ट्यूब काढून नवी लावतो.