कव्हरवर ‘साउंडट्रॅक’ लिहिलंय, पण आत गाणी आहेत की स्कोअर?

‘डॉनी डार्को’ हा सिनेमा पाहिला आणि मला त्यातली गाणी हवीच होती. सुरुवातीला सायकलवरून घरी निघालेल्या मुलाच्या मागे वाजणारं एको अँड द बनीमेनचं ‘द किलिंग मून’, शाळेत कॅमेरा फिरत असताना येणारं टिअर्स फॉर फिअर्सचं ‘हेड ओव्हर हील्स’, पार्टीतलं जॉय डिव्हिजन या बँडचं गाणं. सीडी मिळवली. कव्हरवर सिनेमाचं चित्र, खाली ‘ओरिजिनल साउंडट्रॅक’ अशी अक्षरं. घरी येऊन लावली, तर यातलं एकही गाणं नाही. पियानो, मेलोट्रॉन नावाचं कीबोर्डसारखं वाद्य, सिनेमाचा संगीतकार मायकेल अँड्र्यूजचे छोटे छोटे तुकडे आणि अखेरीला गॅरी ज्यूल्सच्या आवाजातलं ‘मॅड वर्ल्ड’.

मी स्कोअर, म्हणजे पार्श्वसंगीत, विकत घेतला होता. हवा होता गाण्यांचा संग्रह.

आपल्याकडे हा गोंधळ सहसा होत नाही. ‘सिनेमाची कॅसेट’ म्हटलं की त्या सिनेमासाठी संगीतकाराने बांधलेली गाणी, हे ठरलेलं. पार्श्वसंगीत वेगळं, आणि ते विकत मिळेल अशी अपेक्षाही फारशी कुणाला नसते. इंग्रजी सिनेमात मात्र दोन्ही गोष्टी स्वतंत्र विकल्या जातात आणि दोन्हींना ‘साउंडट्रॅक’च म्हणतात. स्कोअर म्हणजे एका संगीतकाराने प्रसंगांच्या मापाने लिहिलेलं संगीत. गाण्यांचा साउंडट्रॅक म्हणजे निरनिराळ्या बँडची गाणी निवडून लावलेली माळ. तिथे सगळं श्रेय निवडीचं. ग्रॅमी पुरस्कारांतही या दोन्हींसाठी वेगवेगळे विभाग आहेत.

ऑल्टरनेटिव्ह पॉप, म्हणजे मुख्य धारेबाहेरच्या बँडची गाणी, गोळा करणाऱ्याला ही माळ का हवी असते, हे ‘प्रिटी इन पिंक’च्या १९८६च्या अल्बमवरून कळतं. गाणी फक्त १०, पण न्यू ऑर्डर, द स्मिथ्स, सुझॅन व्हेगा, इनएक्सेस अशी मंडळी एकाच तबकडीवर. सायकेडेलिक फर्सचं शीर्षकगीत मुळात १९८१चं. सिनेमासाठी त्यांनी ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं. त्यामुळे बँडचा जुना अल्बम घरात असला तरी हे रूप तुमच्याकडे नसतं. याच अल्बमवरच्या ‘इफ यू लीव्ह’ची गोष्ट तर फारच सुंदर आहे. प्रेक्षकांना दाखवून पाहिल्यावर सिनेमाचा शेवट बदलला, ओएमडी या बँडने आधी दिलेलं गाणं त्या शेवटाला लागू पडेना, म्हणून त्यांनी एका दिवसात हे दुसरं लिहिलं. अमेरिकेत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. सिनेमाचा स्कोअर मायकेल गोरचा, पण या अल्बमवर त्याचा एकही तुकडा नाही.

‘द क्रो’च्या वेळी १९९४ मध्ये दोन्ही अल्बम निघाले. गाण्यांच्या अल्बमवर द क्युअरने खास लिहिलेलं ‘बर्न’, नाइन इंच नेल्सने गायलेलं जॉय डिव्हिजनचं ‘डेड सोल्स’; हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. ग्रॅम रेव्हेलचा स्कोअर स्वतंत्र, स्कोअरसाठीच ओळखल्या जाणाऱ्या वारेझ साराबांद या कंपनीकडून. जुन्या सीडींच्या ढिगात यातला एकच हाती लागला, तर आधी पाठ उलटून बघा.

पाठीवर बघायचं ते एवढंच. प्रत्येक गाण्यापुढे वेगळ्या कलाकाराचं नाव आणि बारीक अक्षरांत ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ अशा ओळी असतील, तर तो गाण्यांचा संग्रह. एकाच संगीतकाराचं नाव, मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे आणि प्रसंगांवरून दिलेली शीर्षकं दिसली, तर तो स्कोअर.

‘भाग दोन’ दिसला की मात्र जरा थांबावं लागतं, कारण त्याचा अर्थ सिनेमागणिक बदलतो. ‘ट्रेनस्पॉटिंग’चा दुसरा भाग १९९७ मध्ये आला, त्यात पहिल्या अल्बमवर जागा न मिळालेली आणि सिनेमा करताना प्रेरणा दिलेली गाणी आहेत, म्हणजे पुन्हा गाणीच. त्याच वर्षी ‘रोमिओ + ज्युलिएट’चाही दुसरा भाग निघाला, पण त्यात क्रेग आर्मस्ट्राँग, नेली हूपर आणि मारियस द व्रीस यांचा स्कोअर आणि संवाद. कार्डिगन्स आणि गार्बेज हे बँड ऐकायचे असतील तर पहिलाच भाग हवा.

तो घेतला तरी सिनेमात ऐकलेलं सगळं मिळतंच असं नाही. श्रेयनामावलीवर वाजणारं रेडिओहेडचं ‘एक्झिट म्युझिक’ त्या अल्बमवर नाहीच. त्याऐवजी ‘टॉक शो होस्ट’ आहे. ‘एक्झिट म्युझिक’साठी बँडचा १९९७चा ‘ओके कम्प्युटर’ घ्यावा लागतो. गाणं पडद्यावर वाजवण्याचा परवाना वेगळा आणि तेच तबकडीवर विकण्याची परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. कधी कंपनी अडते, कधी कलाकारच नको म्हणतो.

याच्या उलटही होतं. ‘बॅटमॅन फॉरेव्हर’च्या १९९५च्या अल्बमवर १४ गाणी आहेत, पण त्यातली सिनेमात ऐकू येतात जेमतेम पाच. बाकीची ‘प्रेरित’. हा शब्द कव्हरवर असला की समजावं, सिनेमाच्या नावाखाली स्वतंत्र गाणीही आली आहेत. मला यात फसवणूक वाटत नाही. त्या गाण्यांसाठी तो अल्बम जरूर घ्यावा; सिनेमाची आठवण म्हणून घेतलात तर हिरमोड होईल.

माझ्या कपाटात दोन्ही प्रकार वेगळ्या फळ्यांवर आहेत आणि ओढा कुठे आहे हे लपवत नाही: गाण्यांच्या माळेकडे. स्कोअर सिनेमाशी बांधलेला असतो, तर चांगली माळ ऐकताना आपल्याला ठाऊक नसलेल्या चार बँडांची ओळख होते. तरीही मायकेल अँड्र्यूजची ती ‘चुकून’ घेतलेली सीडी मी कधी परत केली नाही. रात्री दिवे मालवून ती ऐकली की तो सिनेमा गाण्यांपेक्षा जास्त जवळ येतो. पुढे ब्रिटनमध्ये २००४ साली स्कोअर आणि गाणी अशा दोन तबकड्यांचा संच निघाला, तोही मी घेतला.

एका सिनेमाला मी अजून कुठल्याच फळीवर नीट बसवू शकलेलो नाही. ‘फेरिस ब्युलर्स डे ऑफ’ १९८६ मध्ये आला तेव्हा त्याचा अल्बमच निघाला नाही. ही गाणी एकत्र शोभणार नाहीत, असं दिग्दर्शक जॉन ह्यूज यांचं मत होतं. तब्बल ३० वर्षांनी, २०१६ मध्ये, आयरा न्यूबॉर्नचा स्कोअर आणि गाणी एकाच सीडीवर आली. शिकागोच्या कलासंग्रहालयात मुलं चित्रांसमोर उभी राहतात, तेव्हा मागे द ड्रीम अकॅडमीने शब्दांशिवाय वाजवलेलं स्मिथ्सचं गाणं चालू असतं. तेच गाणं शब्दांसह ‘प्रिटी इन पिंक’च्या अल्बमवर शेवटचं आहे. ‘फेरिस ब्युलर’मध्ये मात्र ते गाणं असूनही स्कोअरचं काम करतं.