लालीपेक्षा ठणका मोठा असेल तेव्हा

पाय लाल होऊन सुजलेला रुग्ण आला की औषधाच्याही आधी बॉलपेन कामाला येते. लाली जिथे संपते तिथे कातडीवर रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. संसर्ग पसरतो आहे की थबकला आहे, हे पुढच्या काही तासांत कळते. मात्र ही रेघ फसवतेही. प्रतिजैविक सुरू केल्यावरही पहिले २४ ते ४८ तास लाली रेघेबाहेर जाऊ शकते, कारण मरणाऱ्या जिवाणूंचे तुकडेच दाह वाढवतात. तेवढ्यावरून औषध बदलण्याची घाई नको. ताप उतरतो आहे का, नाडी मंदावते आहे का, ठणका कमी होतो आहे का, हे पाहावे.

डोळ्यांना दिसते ती लाली. खरा प्रश्न असतो तो खोलीचा. कातडीच्या वरच्या थरातला संसर्ग म्हणजे धावरे. त्याची कड इतकी उठावदार असते की बोट फिरवले तरी जाणवते. त्याखाली, चरबीपर्यंत उतरलेला संसर्ग म्हणजे सेल्युलायटिस. याची कड पुसट असते. चरबीच्याही खाली स्नायूंवर पांढरे, चिवट आवरण असते, त्याला फॅशिया म्हणतात. संसर्ग तिथे पोहोचला की आजार पूर्ण वेगळा होतो.

बहुतेक वेळा गुन्हेगार दोनच. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जिवाणू ऊतींमधला चिकट पदार्थ आणि रक्ताची गुठळी विरघळवणारी विकरे सोडतो, म्हणून तो सांडलेल्या पाण्यासारखा पसरतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस उलट गुठळ्या घडवतो, स्वतःभोवती भिंत उभारतो आणि आत पू साठतो. हेच गळू. त्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गोळी कितीही भारी असली तरी औषध आत पुरेसे उतरत नाही. चीर देऊन पू काढणे हाच गळवाचा मुख्य उपचार. ताप असेल किंवा आजूबाजूला लाली पसरत असेल तर प्रतिजैविक जोडीला. गळू घरी पिळू नये. भिंत फुटून पू खोल ढकलला जातो. नाकावरचे किंवा वरच्या ओठावरचे करट तर मुळीच पिळू नये, कारण तिथल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांना जोडलेल्या असतात.

सेल्युलायटिस बहुधा एकाच पायाला होतो. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर आधी शिरांमध्ये रक्त तुंबल्याने होणाऱ्या दाहाची शंका घ्यावी; अशा कित्येकांना विनाकारण प्रतिजैविके दिली जातात. साध्या सेल्युलायटिसला उतार पडत असेल तर ५ दिवसांचे औषध सहसा पुरते. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवला की सूज लवकर ओसरते. जांघेत अवधाण येणे यात नेहमीचेच आहे, त्याने घाबरून जाऊ नये.

घाबरायचे ते वेगळ्या गोष्टीला. कातडी जेमतेम लाल आहे, पण रुग्ण वेदनेने कळवळतो आहे आणि हात लावू देत नाही, असे दिसले तर नेक्रोटायझिंग फॅसायटिसचा, म्हणजे फॅशियावरून पसरत ऊती मारणाऱ्या संसर्गाचा विचार त्याच क्षणी व्हायला हवा. फॅशियाला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळे जिवाणू त्या पापुद्र्यावरून सहज पुढे सरकतात. कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या याच थरातून वर येतात. त्या गोठत जातात आणि वरची कातडी मागाहून मरते. म्हणून आधी ठणका, मग लालीच्या पलीकडे गेलेली आणि दाबल्यावर लाकडासारखी कडक लागणारी सूज, मग जांभळट-करडा रंग आणि रक्ताळ पाण्याचे फोड. शेवटी नसाही मरतात आणि जागा बधिर होते. या टप्प्यावर दुखणे कमी झाले म्हणून हायसे वाटून घेणे ही घातक चूक. मधुमेहाने पायाची संवेदना आधीच गेलेली असेल तर ठणक्याची सूचनाही मिळत नाही, आणि वेदनाशामक गोळ्यांनी ती दबते. स्ट्रेप्टोकॉकसचा प्रकार तर जखम नसतानाही, नुसत्या मुका मार लागलेल्या जागी होऊ शकतो.

तपासण्यांवर फार विसंबता येत नाही. २००४ साली रक्ताच्या सहा चाचण्यांवरून १३ पैकी गुण देण्याची पद्धत मांडली गेली. ६ किंवा जास्त गुण म्हणजे शंका दाट, पण कमी गुणांनी आजार नाकारता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये वायू दिसला तर निदान जवळजवळ पक्के. दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण स्ट्रेप्टोकॉकस सहसा वायू करत नाही. खरा निकाल शस्त्रक्रियागृहात लागतो. छोटी चीर देऊन फॅशियापर्यंत बोट घातले की निरोगी थर अडवतात आणि चिरल्यावर रक्त येते. इथे बोट सहज सरकत जाते, रक्त येत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखा करडा द्रव येतो.

मग रक्त येणारी जिवंत ऊती लागेपर्यंत मेलेला भाग कापून काढतात आणि साधारण २४ तासांत पुन्हा उघडून पाहतात. एकाच शस्त्रक्रियेत काम भागणे विरळाच. सोबत व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि क्लिंडामायसिन शिरेतून सुरू होतात. एवढी औषधे का, याचा एक धागा संशोधक हॅरी ईगल यांच्या १९५२ सालच्या उंदरांवरच्या प्रयोगांत सापडतो. पेनिसिलिन मारते ते स्वतःच्या पेशीची भिंत बांधत असलेल्या, म्हणजे वाढणाऱ्या जिवाणूंना. दाटी झाली की वाढ मंदावते आणि औषध निष्प्रभ ठरते. क्लिंडामायसिन जिवाणूंची प्रथिने बनवण्याची यंत्रणाच बंद पाडते, त्यामुळे विषे तयार होणेही थांबते. ‘मांसभक्षक जिवाणू’ हे वर्तमानपत्री नाव म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. मांस कोणी खात नसते. विषे आणि गोठलेल्या रक्तवाहिन्या मिळून ते मारतात. उत्तम उपचार मिळूनही साधारण चार-पाच रुग्णांमागे एक दगावतो, आणि पहिली शस्त्रक्रिया लांबली की हे प्रमाण वाढते.

सेल्युलायटिसची खोड मात्र निराळी: तो परत परत येतो. दर वेळी ऊतींमधले जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसीका वाहिन्या थोड्या निकामी होतात, सूज मुरते आणि पुढच्या संसर्गाला जागा मिळते. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर वर्षभर कमी मात्रेचे पेनिसिलिन देतात. त्याने झटके कमी होतात, पण औषध थांबवल्यावर हा फायदा टिकत नाही. सूज असलेल्या पायाला दाबपट्ट्या किंवा घट्ट मोजे नियमित घातल्यानेही पुनरावृत्ती घटते, मात्र आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा लागतो. जिवाणूंचे नेहमीचे दार सापडते बोटांच्या बेचक्यात, चिखल्यांमुळे पडलेल्या भेगांत. पाय धुतल्यावर बेचके नीट कोरडे करायचे आणि बुरशीवरचे मलम खाज थांबल्यावरही सांगितलेले सगळे आठवडे लावायचे.